खांद्याची कंडरा हाडाला पुन्हा का धरत नाही?

खांद्याचं ऑपरेशन नीट पार पडतं. फाटलेली कंडरा, म्हणजे स्नायूच्या टोकाची पांढरी, चिवट पट्टी, दुर्बिणीतून ओढून हाडावर बसवतात, टाके पक्के होतात, वरची जखम आठ-दहा दिवसांत भरते, दुखणंही कमी होतं. आणि सहा महिन्यांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी केली की काही जणांची कंडरा हाडापासून पुन्हा सुटलेली दिसते. रोटेटर कफच्या, म्हणजे खांद्याभोवतीच्या कंडरांच्या आवरणाच्या, शस्त्रक्रियेतला हा जुना प्रश्न आहे आणि तो अजून पुरता सुटलेला नाही. फ्रान्समधल्या पास्काल बुआलो यांच्या गटाने २००५ मध्ये दुर्बिणीतून दुरुस्त केलेल्या ६५ खांद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ७१ टक्के खांद्यांत कंडरा पूर्ण जुळली होती, पण ६५ वर्षांवरच्या रुग्णांमध्ये हे प्रमाण ४३ टक्क्यांवर आलं. त्याच्या आदल्या वर्षी लीसा गॅलॅट्झ यांच्या अमेरिकन गटाने फक्त मोठ्या आणि अतिमोठ्या फाटी तपासल्या होत्या. १८ पैकी १७ पुन्हा सुटल्या होत्या.

त्यानंतर तंत्र बरंच पुढे गेलं आहे. तरी हे आकडे मी आवर्जून सांगते, कारण ते पाहिल्यावर शस्त्रक्रियेकडे बघायची नजर बदलते. शिवण घालणं हा या उपचाराचा एक भाग. त्या शिवणीखाली शरीराने जोड तयार करणं हा दुसरा, आणि तो जास्त अवघड.

नाशिकमध्ये फिजिओथेरपीचं काम करताना खांद्याचे रुग्ण सतत भेटतात. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात द्राक्षबागेचं काम म्हणजे दिवसदिवस हात वर. छाटणी, काडी बांधणं, विरळणी, सगळं खांद्याच्या वरच्या पातळीवर. रंगकाम करणारे, प्लास्टर करणारे, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वरच्या रॅकवर माल चढवणारे यांचंही तेच. वय वाढतं तशी कंडरा झिजते आणि अशा कामाने त्या झिजेवर ताण पडत राहतो.

आता आतली रचना. खांद्याचा गोळा मोठा आणि वाटी उथळ आहे. तो गोळा वाटीत मध्यभागी धरून ठेवायचं काम चार स्नायू करतात: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. चारही खवाट्यावरून, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावरून, निघतात आणि दंडाच्या हाडाच्या डोक्याभोवती कंडरेच्या रूपाने चिकटतात. या चौघांचं मिळून जे आवरण होतं तो रोटेटर कफ. सगळ्यात जास्त फाटते ती वरची, सुप्रास्पायनेटसची कंडरा. हाडावर ती सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यात बसलेली असते. या पट्ट्याला सर्जन फुटप्रिंट म्हणतात.

खरी कमाल या पट्ट्यात आहे. हाड कडक असतं आणि कंडरा लवचिक. दोघांच्या ताठपणात साधारण शंभर पटींचा फरक. इतके वेगळे दोन पदार्थ थेट एकमेकांना जोडले, तर ओढ पडताच सगळा ताण जोडाच्या रेषेवर गोळा होतो आणि तिथेच ते सुटतात. निसर्गाने म्हणून मध्ये टप्पे घातले आहेत. आधी शुद्ध कंडरा, मग कूर्चेसारखा तंतुमय थर, मग तोच पण खनिजं भरलेला, आणि मग हाड. एक मिलिमीटरच्या आसपासच्या जागेत हा सगळा बदल होतो, खनिजाचं प्रमाण हळूहळू चढत जातं, तंतूंची दिशा बदलत जाते. ताण एका रेषेवर न साचता पसरतो. हा जोड गर्भावस्थेपासून पुढे वाढत्या वयात घडत जातो. एकदा फाटला की मोठ्या माणसात तो मूळ रूपात परत येत नाही. शरीर तिथे वण भरतं. वणातलं कोलॅजेन सुरुवातीला वेगळ्या, कमजोर प्रकारचं असतं, त्याचे तंतू अस्ताव्यस्त असतात, आणि मधले टप्पे जवळपास गायब असतात. वण महिनोन्‌महिने घट्ट होत जातो, पण मूळ जोडाची बरोबरी करत नाही.

म्हणून सर्जनच्या हातात एवढंच उरतं: वण पुरेसा घट्ट होईपर्यंत कंडरा हाडावर दाबून, न हलू देता धरून ठेवायची.

बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी अशी दुरुस्ती १९०९ मध्ये केली आणि १९११ मध्ये ती प्रसिद्ध केली. तेव्हापासून कित्येक दशकं पद्धत तीच राहिली. खांदा उघडायचा, दंडाच्या हाडाला आरपार भोकं पाडायची, त्यातून दोरे ओवून कंडरा हाडावर बांधायची. झुरिचचे ख्रिस्तियन गेर्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये या दुरुस्तीच्या मजबुतीचा पद्धतशीर अभ्यास मांडला. चांगल्या दुरुस्तीच्या त्यांच्या अटी आजही सांगितल्या जातात: पहिल्या दिवसापासून पकड मजबूत हवी, कंडरा आणि हाड यांच्यात फट पडता कामा नये, आणि जोड भरून येईपर्यंत हे टिकलं पाहिजे. तिसरी अट सगळ्यात कठीण, कारण ती ऑपरेशन थिएटरच्या बाहेर पाळायची असते.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली तशी आरपार भोकांची जागा अँकरने घेतली. अँकर म्हणजे साधारण पाच मिलिमीटर जाडीचा छोटा स्क्रू किंवा खुंटी. ती हाडात बसवतात आणि तिला जोडलेले दोरे कंडरेतून ओवतात. पूर्वी अँकर धातूचे असत, मग शरीरात विरघळणारे आले, काही जणांच्या हाडात त्यांच्याभोवती पोकळी झाली, म्हणून पुढे कॅल्शियमचे क्षार मिसळलेले आणि पीक (PEEK) नावाच्या प्लास्टिकचे आले. आता नुसत्या दोऱ्याच्या गाठीचेही अँकर मिळतात. ते हाडाच्या कवचाखाली फुगून अडकतात आणि त्यांना छोटं भोक पुरतं.

अँकर कोणत्या कोनात बसवायचा, यावरची चर्चा द्राक्षबागायतदाराला लगेच कळेल. बागेतल्या ओळीच्या टोकाचा खांब बाहेर कललेला असतो आणि त्याला ताणाची तार बांधून ती जमिनीत पुरलेल्या दगडाला अडकवलेली असते. सगळ्या मंडपाची ओढ शेवटी त्या दगडावर येते. तार फार उभी झाली तर दगड वर उपसला जातो, जमिनीशी कमी कोन ठेवला तर तो मातीत रुतून धरतो. टेक्सासमधले सर्जन स्टीफन बर्कहार्ट यांनी तिकडच्या कुरणांच्या कुंपणांत हीच रचना पाहिली आणि १९९५ मध्ये त्यावरून नियम मांडला: अँकर आणि दोरा ४५ अंश किंवा त्याहून कमी कोनात ठेवा. कित्येक वर्षं सर्जन हे शिकले. पुढे प्रयोगशाळांत आटे असलेल्या अँकरवर मोजमापं झाली, तेव्हा काही प्रयोगांत हाडाला काटकोनात बसवलेला अँकर तितकाच, किंबहुना जास्त धरतो असं दिसलं. आट्यांची पकड दगडासारखी नसते. तरी बर्कहार्ट यांच्या विचाराचं मोल कमी होत नाही. ओढीची दिशा आणि हाडाची जाडी दोन्ही पाहून अँकर ठेवायचा, ही सवय त्यामुळे लागली. वयस्कर बायकांचं हाड ठिसूळ झालेलं असेल तर अँकर उपसण्याची भीती खरी असते.

पण एकूण पाहिलं तर आज अँकर सहसा निघत नाही आणि दोरा सहसा तुटत नाही. पूर्वीच्या पॉलिस्टरच्या दोऱ्यांच्या जागी अतिशय चिवट पॉलिइथिलीनचे दोरे आले. हे दोन्ही दुवे मजबूत झाल्यावर कमकुवत जागा एकच उरली: दोरा कंडरेतून जातो ती. सिडनीत जॉर्ज मरेल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पुन्हा ऑपरेशन कराव्या लागलेल्या खांद्यांत दुरुस्ती कुठे तुटली ते पाहिलं. बहुतेकांत अँकर जागेवर, दोरा शाबूत, गाठ शाबूत. कंडराच दोऱ्यातून ओढली जाऊन सुटली होती.

कारण कंडरेच्या बांधणीत आहे. तिचे तंतू स्नायूकडून हाडाकडे लांबीच्या दिशेने समांतर जातात. दोऱ्याची ओढही त्याच दिशेत असते. दोरा तंतूंच्या मधून सरकत सरकत पुढे येतो, आडवं धरायला फारसं काही नसतं. जुनी, झिजलेली, सुजून मऊ पडलेली कंडरा असेल तर हे आणखी लवकर होतं. शिवाय चार-सहा टाक्यांवर सगळा भार येतो आणि तोही सारखा वाटला जात नाही. एका टाक्यावर जास्त आला की तो आधी सरकतो, मग शेजारचा.

यावर अनेक दिशांनी काम झालं आहे. तंतूंना आडवं अडकवणारा, स्वतःलाच कुलूप घालणारा टाका गेर्बर यांनी सुधारून वापरला. गोल दोऱ्याऐवजी दोन मिलिमीटरच्या आसपास रुंदीची चपटी फीत आली, तिचा दाब जास्त जागेवर पसरतो. मग अँकरच्या ओळींचा विचार आला. सांध्याच्या कडेला एकच ओळ बसवली तर फुटप्रिंटचा थोडाच भाग कंडरेने झाकला जातो. म्हणून बाहेरच्या बाजूला दुसरी ओळ घालू लागले. २००६ च्या सुमारास पुढची सुधारणा आली: आतल्या ओळीचे दोरे कंडरेवरून आडवे-तिडवे नेऊन बाहेरच्या अँकरमध्ये ताणायचे, म्हणजे सगळी कंडरा हाडावर दाबून बसते. याला सूचर ब्रिज म्हणतात. नाशिक-पुण्याच्या अनेक डिस्चार्ज कार्डांवर हा शब्द तुम्हाला दिसेल.

दोन ओळींच्या दुरुस्तीत, विशेषतः मोठ्या फाटीत, कंडरा पुन्हा सुटण्याचं प्रमाण कमी दिसतं. रुग्णाच्या हालचालीत आणि वेदनेत मात्र तितका ठळक फरक बहुतेक अभ्यासांत सापडत नाही. आणि एक नवी अडचणही आली. बाहेरचा भाग इतका घट्ट बसतो की कधी कधी कंडरा हाडापाशी न सुटता आतल्या ओळीच्या पलीकडे, स्नायूच्या बाजूला फाटते. हाडावर कंडरेचा तुकडा चिकटलेला राहतो आणि बाकीची आत निघून गेलेली असते. अशी फाट पुन्हा दुरुस्त करणं फार कठीण. आतल्या ओळीच्या गाठी जास्त आवळल्या तर कंडरेचा रक्तपुरवठा दबतो, हेही कारण सांगितलं जातं. म्हणून ‘किती अँकर टाकले?’ या प्रश्नावरून ऑपरेशनचा दर्जा ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आखडलेली कंडरा आधी मोकळी करून, फार न ताणता ती हाडापर्यंत आणणं हे अँकरच्या संख्येपेक्षा महत्त्वाचं आहे.

टाक्यांवरचा भार वाटण्याचा एक फार सुंदर प्रयत्न २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले स्टॅव्ह्रोस थोमोपुलोस आणि सहकाऱ्यांनी अजगराच्या दातांचा अभ्यास केला. अजगराचे दात मागच्या बाजूला वळलेले असतात. भक्ष्य निसटायचा प्रयत्न करतं तेव्हा ते मांस न कापता धरून ठेवतात. त्या आकारावरून अशा वळलेल्या छोट्या दातांच्या ओळी असलेली चकती त्यांनी थ्रीडी प्रिंटरवर बनवली. ती हाड आणि कंडरा यांच्या मध्ये बसते, नेहमीचे टाके वरून घातले जातात, आणि भार मोजक्या टाक्यांऐवजी अनेक दातांवर विभागला जातो. मृतदेहांच्या खांद्यांवर केलेल्या चाचण्यांत दुरुस्तीची ताकद जवळपास दुप्पट झाली. ही पहिल्या दिवसाची ताकद आहे. जिवंत खांद्यात त्या चकतीभोवती वण कसा भरतो, ते माणसांवरच्या चाचण्यांतूनच ठरेल. पण कमकुवत जागा नेमकी ओळखून तिथेच केलेलं हे काम आहे, म्हणून ते मला मोलाचं वाटतं.

शरीराच्या बाजूनेही प्रयत्न चालू आहेत. फुटप्रिंटच्या हाडाला बारीक भोकं पाडून मज्जेतलं रक्त आणि पेशी वर आणणं, रुग्णाच्याच रक्तातून काढलेलं प्लेटलेटयुक्त द्रव्य सोडणं, कंडरेवर कोलॅजेनची पट्टी लावणं. पहिल्या दोन उपायांचे निकाल संमिश्र आहेत. पट्टीबद्दल एक सांगते: काही पट्ट्या गोवंशाच्या कंडरेपासून, काही दान केलेल्या मानवी त्वचेपासून बनतात. ज्यांना याने फरक पडतो त्यांनी ऑपरेशनआधीच डॉक्टरांना विचारावं. विचारायला संकोच करण्यासारखं त्यात काही नाही.

या सगळ्यापेक्षा जास्त फरक पडतो तो रुग्ण कोणत्या अवस्थेत येतो याने. कंडरा फाटून बराच काळ गेला की स्नायू आक्रसतो आणि त्यात चरबी शिरते. फ्रेंच सर्जन गुतालिए यांनी १९९४ मध्ये सीटी स्कॅनवरून या चरबीच्या ० ते ४ अशा पायऱ्या ठरवल्या; आता त्या एमआरआयवर वाचतात. चरबी स्नायूएवढी झाली की कंडरा उत्तम शिवली तरी जुळण्याची शक्यता घटते, आणि गेलेला स्नायू परत येत नाही. वाढलेली शुगर जोड कमजोर करते. उंदरांवरच्या प्रयोगांत निकोटिनने कंडरा आणि हाड जुळणं लांबवलं. आपल्याकडे सिगारेट न ओढणारी माणसं ‘मला व्यसन नाही’ म्हणतात आणि खिशात तंबाखूची पुडी असते, घरात मिश्री असते. निकोटिन त्यातही आहेच. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी तीन महिन्यांची सरासरी शुगर बघणं आणि तंबाखू बंद करणं, हे कुठल्याही महागड्या अँकरइतकं कामाचं आहे, आणि त्याला फारसा खर्च नाही.

मग येतात ऑपरेशननंतरचे आठवडे. साधारण चार ते सहा आठवडे हात स्लिंगमध्ये, म्हणजे गळ्यात अडकवलेल्या पट्ट्यात. बोटं, मनगट, कोपर हलवायचं. खांदा फक्त दुसऱ्या हाताच्या किंवा फिजिओच्या आधाराने, तोही सर्जनने सांगितलेल्या मर्यादेत. सहा आठवड्यांच्या पुढे स्वतःच्या ताकदीने हालचाल. वजन उचलण्याचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनंतर. पुन्हा सुटणाऱ्या बहुतेक कंडरा पहिल्या सहा महिन्यांतच सुटतात, म्हणून हा काळ इतक्या काटेकोरपणे सांभाळायचा.

बागेत मजुरीला जाणाऱ्या एका मावशींनी पाचव्या आठवड्यात विचारलं, “ताई, आता दुखत नाही ना, मग पट्टा काढू का? भाकरी तरी थापते.”

“मावशी, दुखणं थांबलंय, जुळणं अजून चाललंय. दोरा नाही तुटायचा. दोऱ्याखालची कंडरा कापली जाईल.”

“म्हंजे आतल्या आत?”

“आतल्या आत. आणि तुम्हाला कदाचित कळणारही नाही.”

ते शेवटचं वाक्य मी मुद्दाम बोलते. गॅलॅट्झ यांच्या त्या १८ रुग्णांतही बहुतेकांना पहिल्या वर्षी बरंच बरं वाटत होतं. दुसऱ्या वर्षी मात्र तो फायदा घसरू लागला. वेदना कमी होणं आणि कंडरा जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री पाठीमागे उशा लावून अर्धवट बसून झोपणं, बगल धुताना हात वर न करता पुढे वाकणं, दुचाकी न चालवणं, बसच्या दांड्याला त्या हाताने न लटकणं, असल्या साध्या गोष्टींवर शिवणीचं भवितव्य अवलंबून असतं. घरच्यांनी हे समजून घेणं फार गरजेचं आहे. बाईच्या हाताला सहा आठवडे विश्रांती द्यायची तर स्वयंपाक आणि धुणं कुणी करायचं, हे ऑपरेशनच्या आधी ठरलेलं असावं.

प्रत्येक फाटीला ऑपरेशन लागतं असं मुळीच नाही. साठीच्या पुढच्या, खांद्याची काही तक्रार नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत थोडी किंवा पूर्ण फाट दिसली. हा अभ्यास १९९५ चा आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, झिजून पूर्ण फाटलेल्या कंडरेच्या रुग्णांना आधी व्यायाम दिले, तेव्हा दोन वर्षांत पाव भागाहूनही कमी लोकांनी ऑपरेशनचा मार्ग घेतला. म्हणून झिजेच्या फाटीत दोन-तीन महिने नेटाने व्यायाम करून बघणं रास्त आहे.

ऑपरेशन ठरलंच, तर बागायतदार आणि मजूर विचारतात तो प्रश्न अगदी योग्य असतो: कधी करू? माल निघाल्यावर, एप्रिलच्या आसपास केलं तर खरड छाटणी चुकते, मे अखेरपर्यंत हात स्लिंगमध्ये किंवा नुकता बाहेर, जुलैपासून ताकदीचे व्यायाम, आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला जेमतेम सहा महिने भरतात. त्या छाटणीला दिवसभर हात वर धरून काम करू नये. त्या हंगामात कात्री दुसऱ्याच्या हातात द्यावी, आपण खालची कामं घ्यावीत. मजुरीवर घर चालत असेल तर हे सांगणं सोपं आणि करणं कठीण, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणूनच मुकादमाशी आणि घरच्यांशी तारीख ठरवतानाच बोलून ठेवायला सांगते.

हंगाम बघून थांबणं झिजेच्या फाटीत चालतं. पडल्याने किंवा गाडीवरून घसरल्याने एकदम फाटलेल्या कंडरेत चालत नाही. आधी चांगला असलेला हात पडल्यानंतर वरच जात नसेल, एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं नसेल, आणि आठ-दहा दिवसांतही तो उचलता येत नसेल, तर ‘मुका मार आहे’ म्हणून तेल चोळत बसू नका. अशा खांद्याला लवकर सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्या आणि खांद्याचं काम करणाऱ्या सर्जनला दाखवा. स्नायूत चरबी शिरायच्या आत शिवलेली ताजी कंडरा जुळण्याची शक्यता सगळ्यात चांगली असते.